तुम्ही विचारलंत म्हणून: नेओ राउखच्या चित्रांचा अर्थ काय?

जर्मनीत लाइपझिगला राहते म्हटलं की चित्रांची आवड असलेलं कोणीतरी विचारतंच, अगं तो चित्रकार नेओ राउख तिकडचाच ना, त्या चित्रांचा अर्थ काय लागतो, आणि राजकीय राजकीय म्हणतात ते नक्की काय? तर खरं सांगते, अर्थ मलाही लागत नाही, आणि सहज लागू नये अशी सोय त्यानेच करून ठेवलेली असते.

आई इकडे आली होती तेव्हा तिला म्युझियममध्ये नेलं. भिंतभर कॅनव्हास, त्यात एक माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या कोटात, शेजारी कारखान्याच्या कपड्यातला कामगार, एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच, का ते विचारायचं नाही, स्वप्नात आपण विचारतो का? रंग उन्हात विटलेल्या पोस्टरसारखे. आणि सगळे मान खाली घालून काहीतरी ओढतायत, बांधतायत. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी राबतायत सगळी, पण होतंय काय?"

झालं की! राउख १९६० चा, तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतला. (चार आठवड्यांचा असताना आईवडील रेल्वे अपघातात गेले, आजीआजोबांनी आशर्सलेबेनला वाढवलं.) तिथल्या सरकारी चित्रांतला कामगार छाती पुढे काढून उद्याचा देश उभारायचा, राउखने तो कामगार तसाच ठेवला, फक्त तो काय उभारतोय ते पुसून टाकलं. माझ्या मते त्याचं राजकारण ते एवढंच, आणि पुरेसं आहे.

आता २०१९ चा किस्सा. वोल्फगांग उलरिश नावाच्या समीक्षकाने 'डी त्साइट' ह्या जर्मन साप्ताहिकात लिहिलं की राउखसारखे चित्रकार उजव्या विचारांकडे झुकतायत. राउख असला भडकला की उत्तरादाखल चित्रच काढलं, 'डेअर आनब्रॉयनर', म्हणजे तपकिरी फासणारा, तपकिरी हा नाझींचा रंग. त्यात एकजण स्वतःच्याच विष्ठेने हिटलरला सलाम ठोकणारी आकृती रंगवतोय. चॅरिटी लिलावात ते साडेसात लाख युरोंना गेलं. बाजू कोणाची बरोबर ह्यावर इथे अजून वाद होतात, पण राउखचं हे एकच चित्र असं आहे ज्याचा अर्थ मी तुम्हाला फोनवर एका वाक्यात सांगू शकते, आणि नेमकं तेच परत बघावंसं वाटत नाही.