हातातले सामने

लिंकन, नेब्रास्का. रविवार, 29 डिसेंबर 2024

काल न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने बॉस्टन कॉलेजला 20-15 असं हरवलं. 2015 नंतर बाउल सामन्यातला, म्हणजे हंगामाअखेरच्या खास सामन्यातला, पहिला विजय. 2016 नंतर पहिल्यांदाच जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांपेक्षा जास्त झाली. एके काळी दर वर्षी किमान नऊ सामने जिंकणाऱ्या संघाची ही अवस्था.

20-2 अशी आघाडी होती, तरी घरात कोणी निवांत बसलेलं नव्हतं. बॉस्टनवाले 15 वर आले तेव्हा लेक उठून उभाच राहिला. "आई, आता हा पण जाणार." तो सोळा वर्षांचा आहे आणि या गावातच वाढलाय. हातातला सामना कसा जातो हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. या वेळी तो गेला नाही.

इथे किराणा दुकानातल्या रांगेपासून ऑफिसच्या कॉफी मशीनपर्यंत एकच वाद ऐकू येतो. हे असं कोसळणं प्रशिक्षकामुळे की संघाच्या 'कल्चर'मुळे? रात्री झोप लागेना, म्हणून मला काय वाटतं ते लिहून ठेवते आहे.

2021 चा मिशिगन स्टेट विरुद्धचा सामना माझ्या मनातून जातच नाही. चार मिनिटांहून कमी वेळ उरलेला, नेब्रास्का 20-13 ने पुढे. समोरच्यांना दुसऱ्या अर्ध्यात एक फर्स्ट डाउनसुद्धा (दहा यार्ड पुढे सरकणं) मिळालेला नव्हता. आता फक्त चेंडू लांब लाथाडून द्यायचा, म्हणजे पंट करायचा. लेक शाळेच्या संघात पंट करतो. त्याने मला तेव्हाची गंमत, खरं तर शोकांतिका, फ्रिजवरची मॅग्नेटं मांडून समजावली. दहा मॅग्नेटं, म्हणजे आपले खेळाडू, त्याने उजवीकडे सरकवली. "हडलमध्ये, म्हणजे खेळीआधीच्या घोळक्यात, ठरतं, चेंडू उजवीकडे. सगळे तिकडेच धावतात, कारण पकडणाऱ्याला तिथेच घेरायचं असतं." मग अकरावं मॅग्नेट, म्हणजे चेंडू, डावीकडे. तिथे कोणीच नाही. मिशिगन स्टेटच्या खेळाडूने तो उचलला आणि 62 यार्ड पळत, शेवटची रेषा ओलांडून थेट टचडाउन केलं. बरोबरी झाली, जादा वेळेत नेब्रास्का 23-20 ने हरली.

त्या वर्षी नऊ सामने हरले, त्यातला एकही नऊ गुणांपेक्षा जास्त फरकाने नाही. शेवटच्या आयोवा सामन्यात 21-6 अशी आघाडी होती. तिथेही पंट अडवला गेला, त्यावर टचडाउन झालं आणि 28-21 ने सामना गेला.

प्रशिक्षक होते स्कॉट फ्रॉस्ट. लिंकनमध्ये जन्मलेले, 1997 च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू), अख्ख्या राज्याचे लाडके. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब 5 जिंकले, 22 हरले असा. 27 वेळा नाणं उडवून पाच किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता हजारात एक इतकीही नाही. त्यामुळे नशीब वाईट होतं असं कोणी म्हणालं की माझा संताप होतो. 2021 मध्ये स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणारा संच, याचं काम दुसरी जबाबदारी असलेल्या प्रशिक्षकाला जोडून दिलेलं होतं. सामने नेमके तिथेच गेले. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 ने पुढे असताना फ्रॉस्टनी ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू मुद्दाम जवळ मारून स्वतःच परत मिळवायचा, जुगार खेळला आणि 31-28 ने सामना घालवला. याला संस्कृती कशाला म्हणायचं? हे एका माणसाने घेतलेले निर्णय आहेत.

पण मग कल्चरवाले विचारतात, बाई, प्रशिक्षक तर बदलला ना? आणि हा प्रश्न रास्त आहे. मॅट रूल आले आणि 2023 मध्ये संघ 5-3 (पाच जिंकले, तीन हरले) वरून 5-7 वर आला. शेवटचे चारही सामने एका स्कोअरच्या, म्हणजे आठ गुणांच्या, आतले. आयोवाकडून 13-10, शेवटच्या क्षणी झालेल्या फील्ड गोलवर (चेंडू लाथेने खांबांमधून मारणं). या वर्षी आयोवाकडून पुन्हा 13-10, पुन्हा शेवटच्या क्षणी फील्ड गोल, आणि तोही 53 यार्डांवरून. फ्रॉस्टच्या आधी माइक रायली होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी, 2015 मध्ये, इलिनॉयकडून 14-13, विस्कॉन्सिनकडून 23-21, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून शेवटच्या चेंडूवर 33-28. तीन प्रशिक्षक आणि एकच दुखणं.

तरीही मला हे पटत नाही. 2015 च्या संघातलं एकही पोर आज इथे नाही. कॉलेजची मुलं चार-पाच वर्षांत जातात, आता ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आल्यापासून तर एका वर्षातही जातात. मग ही संस्कृती राहते कुठे? लॉकर रूमच्या भिंतींत? इथल्या मेमोरियल स्टेडियमचं तिकीट 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपतं, म्हणजे कायम असतो तो फक्त प्रेक्षक. चौथ्या क्वार्टरमध्ये त्या स्टेडियममध्ये जी धास्ती पसरते ती मी अनुभवली आहे, आणि ती मैदानावर पोचत नसेल असं मी म्हणणार नाही. पण पंट उजवीकडे की डावीकडे हे प्रेक्षक ठरवत नाहीत.

फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाकडे पाहिलं की मला याची उलट बाजू दिसते. 2023 मध्ये ते 13-0 होते. क्वार्टरबॅकचा पाय मोडला म्हणून विजेतेपदाच्या प्लेऑफमधून डावलले गेले. मग जॉर्जियाकडून 63-3 असा मार खाल्ला. यंदा 2-10. प्रशिक्षक तेच, माइक नॉरवेल. दहा खेळाडू एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, उचलले, त्या जागा भरायला पोर्टलमधून मुलं आणली. क्वार्टरबॅकचं तर हे तिसरं विद्यापीठ. तिकडेही सगळे म्हणतात कल्चर गेलं. गेलंच असेल, पण एका उन्हाळ्यात जे जातं ते मुरलेलं नव्हतंच. आणि संघ कसा भरायचा हेही प्रशिक्षकच ठरवतो.

टॉम ऑस्बर्न इथे 25 वर्षं प्रशिक्षक होते. 255 विजय. त्यांच्या काळातली माणसं सांगतात ते सरावाबद्दल. मैदानावर एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चालायचा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या पोरालाही पहिल्या फळीइतक्याच वेळा तीच हालचाल करायला मिळायची. शिष्यवृत्तीशिवाय आलेली, शेतावरून आलेली वॉक-ऑन मुलं तीन-तीन वर्षं असं करत राहायची आणि मग एखाद्या शनिवारी कोणी जखमी झाला की न चुकता उभी राहायची. यालाच नंतर नेब्रास्काची संस्कृती म्हणायला लागले. माझ्या लेखी ती एका प्रशिक्षकाने दर आठवड्याला करून घेतलेली मेहनत होती.

ती मोडली कोणी? मी बोट ठेवते ते वरच्या खुर्च्यांवर, म्हणजे प्रशिक्षक नेमणाऱ्या-काढणाऱ्यांवर, आणि आमच्या वादात त्यांचं नाव फारच कमी निघतं. ऑस्बर्ननंतर आलेल्या फ्रँक सॉलिक यांना 2003 मध्ये काढलं, तेव्हा संघाने नऊ सामने जिंकले होते. बो पेलिनी यांना 2014 मध्ये काढलं, तेव्हाही नऊच. नऊ सामने कमी वाटले आणि त्यानंतर एका हंगामात चार, कधी तीन पाहायची वेळ आली. फ्रॉस्टना घालवण्यासाठी दीड कोटी डॉलर मोजले, तीन आठवडे थांबले असते तर निम्मे पडले असते. दर काही वर्षांनी सगळं उखडायचं, नवी भाषा, नवे खेळ, नवी मुलं, आणि वर विचारायचं की मुळं का धरत नाहीत.

लेकाचं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो म्हणतो, "आई, चुकीच्या बाजूला पंट मारणाऱ्याला चार दिवस झोप लागत नाही, ते तुम्ही कोणी बोलत नाही." वीस-एकवीस वर्षांची पोरं. त्यांच्या नावाने गावभर बोंब होते आणि करारातले कोटी दुसऱ्याला मिळतात. याचा मला खरंच त्रास होतो.

रूल यांचा इतिहास पाहिला तर टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी 2-10 आणि तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलर विद्यापीठात 1-11 आणि तिसऱ्या वर्षी 11-3. इथलं तिसरं वर्ष आता सुरू होईल. ते चांगलं गेलं नाही तरी त्यांना काढू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ऑफिसात उद्या हे बोलले की निम्मे लोक माझ्यावर तुटून पडतील. पडू देत.