मांडीवरचा हातोडा

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, मी लग्नांचे फोटो काढते. चर्चमधल्या लग्नात कधी कुठे उभं राहायचं हे आता पायांनाच कळतं. पण जूनमधल्या त्या शुक्रवारच्या लग्नाआधी नवरीने मला बजावलं होतं, "चुंबनाचा फोटो हुकला तरी चालेल, हातोड्याचा हुकवू नकोस."

लग्न थिंगव्हेट्लिरला, उघड्या माळावर. 930 पासून आइसलँडची लोकसभा इथेच भरायची. ख्रिस्ती धर्म स्वीकारायचं 1000 च्या सुमारास ठरलं, तेही इथेच. जिथे जुने देव मागे पडले, तिथेच आता त्यांच्या साक्षीने लग्न, आणि तेही कायदेशीर! स्वेनब्योर्न बेंटेन्सन नावाच्या शेतकरी कवीने 1972 मध्ये मूठभर मंडळींना घेऊन आसात्रूची, म्हणजे जुन्या नॉर्स देवांवरच्या श्रद्धेची, संघटना काढली. पुढच्याच वर्षी सरकारने तिला मान्यता दिली.

वायकिंगांची वेशभूषा वगैरे काही नव्हती. पाहुणे लोकरी स्वेटरमध्ये, नवरी साध्या पांढऱ्या लोकरी झग्यात. पुरोहितांनी, म्हणजे गोदींनी, फ्रिग, फ्रेर आणि थोर या जुन्या देवदेवतांना हाक दिली. नवरी खडकावर बसली आणि तिच्या आजीने तिच्या मांडीवर हातोडा ठेवला. आजोबा त्याने घोड्यांना नाल ठोकायचे. दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला, लोखंडाला गंज. एद्दा म्हणजे नॉर्स देवांची जुनी कथाकाव्यं; त्यातल्या एका काव्यात थोरचा हातोडा चोरीला जातो, तो परत मिळवायला थोर नवरीचा वेश घेतो, आणि नवरीला पावन करायला तोच हातोडा त्याच्या मांडीवर आणून ठेवतात. त्या प्रसंगातून आजचा हा विधी आलाय. नवरीने दोन्ही तळवे त्या लोखंडावर ठेवले. मी गुडघ्यावर बसून फोटो घेत होते. हातोडा उचलला तेव्हा झग्यावर गंजाचा तांबूस डाग उमटला होता. तिने तो झटकला नाही.

मग शपथेचं कडं. आपल्याकडे साक्षीला अग्नी असतो, इथे कडं. दोघांनी एकच चांदीचं कडं दोन बाजूंनी घट्ट धरलं आणि बोलले. शब्द मला फारसे कळले नाहीत. बोटांची पेरं पांढरी झालेली मात्र दिसली. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना दिलेली वचनं वार नावाची देवी ऐकते आणि ती मोडणाऱ्याला शासन करते, असं स्नोरी या आइसलँडच्या लेखकाने तेराव्या शतकात लिहून ठेवलंय. बोलून झाल्यावरही बराच वेळ दोघांनी कडं सोडलं नव्हतं.

शेवटी मधाच्या दारूचं शिंग फिरलं. ज्याच्या हाती येईल त्याने चार शब्द बोलायचे, घोट घ्यायचा, थोडं जमिनीला द्यायचं. आजीने ते सरळ माझ्या हातात दिलं. कॅमेरा गळ्यात सोडून मी म्हणाले, "नांदा सौख्यभरे."

गोदींनी अर्थ विचारला. 'नांदणं' सांगायला मला ना इंग्रजीत शब्द मिळेना, ना माझ्या मोडक्या आइसलँडिकमध्ये. मग मी हातांनी छप्पर केलं, चूल दाखवली, दोन बोटं शेजारी शेजारी धरली. आजीने मान डोलावली आणि शिंग पुढे नेलं.