सोललेल्या झाडांच्या रानात

पोर्तुगालला जायचं ठरलं तेव्हा लिस्बनपेक्षा मला ओढ होती बुचाच्या रानाची, म्हणजे ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं (कॉर्क) होतात त्या ओकांची. जूनच्या अखेरीस दक्षिणेकडच्या अलेंतेजो प्रांतात पोचलो. सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं आणि वाळलेल्या गवतात दूरदूर पसरट ओक उभे होते, बुंधे विटेसारखे तांबडे. एका बुंध्यावर पांढऱ्या रंगात नुसता ७. हा वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे या झाडाची साल काढली २०१७ मध्ये. पुन्हा हात लावायचा तो २०२६ मध्ये. दोन सोलण्यांत किमान नऊ वर्षं, हा तिथला कायदा.

पलीकडे सोलणी चालू होती. कुऱ्हाडीचा घाव सालीपुरताच बसायला हवा, आतला थर दुखावला तर झाड ती जखम जन्मभर वागवतं. फटीत दांड्याचं पाचरीसारखं टोक घालून उचललं की अख्खी साल चर्र करत सुटते. मी श्वास रोखून बघत होतो. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिली साल निघते, पण बाटलीच्या बुचाजोगी निघते ती तिसऱ्या खेपेला. तोवर झाडाची चाळिशी उलटलेली असते.

या माणसांच्या तोंडी 'कॉर्क' नाहीच. साल म्हणजे 'कोर्तिसा', लॅटिनमधल्या सालीच्याच शब्दावरून, 'कॉर्टेक्स'वरून. झाड 'सोब्रेइरो', लॅटिन 'सुबेर'वरून. बाटलीत बसली की तीच 'रोल्या'. इंग्रजीतला कॉर्क आला तो चपलेतून! स्पॅनिश 'अल्कोर्के' म्हणजे बुचाच्या तळव्याची चप्पल. त्यातला 'अल' अरबी. पण मूळ शब्द लॅटिन 'क्वेर्कुस', म्हणजे ओक, की 'कॉर्टेक्स', यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आयर्लंडच्या कॉर्क शहराचा याच्याशी संबंध नाही, ते नाव दलदलीवरून पडलं.

सालीचा तुकडा हातात घेतला तर वजनच जाणवेना. आत सगळ्या हवेने भरलेल्या बंद खोल्या. १६६५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पाहिल्या आणि त्यांना 'सेल' म्हटलं. आपल्या पेशींचं इंग्रजी नाव या सालीतून निघालंय, हे तिथे उभं राहून आठवताना अंगावर काटा आला.

वाटाड्याला मी पुण्यातल्या बुचाच्या झाडाबद्दल सांगितलं. झाड वेगळंच, पण त्याची साल कॉर्कऐवजी वापरत, म्हणून ते बुचाचं. त्याने विचारलं, "मग तुम्ही ते सोलता?"

म्हटलं, "नाही. खाली पडलेली फुलं वेचतो आणि त्यांच्या लांब देठांची वेणी घालतो. दोरा लागत नाही."