तेवढं चालवून घेतलं

टर्म संपत आली की सगळ्यांच्या तोंडी एकच रडगाणं असतं, सबमिशन, डिफॉल्टर लिस्ट, ओरल, कुठल्या सरांनी कुणाचं जर्नल परत पाठवलं वगैरे. मीही त्यात पुढेच असते, नाही असं नाही. पण परवा जर्नलची इंडेक्स भरताना (हे काम इतकं बोअर आहे की डोकं आपोआप दुसरीकडे पळतं) सहज मनात आलं, ही टर्म तशी बरी गेली की. आणि का बरी गेली म्हणून बघायला गेलं तर त्यात मार्क नव्हते, फेस्ट नव्हता, वैशालीचा डोसा नि गुडलकचा बनमस्काही नव्हता, कारण वीस तारखेनंतर ते सगळं आम्ही फक्त बाहेरून बघतो. सगळ्या बारक्या बारक्या गोष्टी होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत कुणीतरी स्वतःचाच एखादा नियम माझ्यासाठी जरासा वाकवला होता.

आता नियम सगळीकडेच असतात, पण पुण्यात ते पाटीवर लिहिलेले असतात आणि लिहिणाऱ्याला आपल्या अक्षराचा अभिमान असतो. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहते. आमच्या जिन्यात पाट्याच पाट्या. बेल एकदाच वाजवावी. चप्पल सरळ ठेवावी, म्हणजे नुसती ठेवावी नाही, सरळ ठेवावी. गेट साडेनऊला बंद होईल, कारण विचारू नये. पहिल्या वर्षी हे वाचून मी आईला फोनवर रडत सांगितलं होतं की हे लोक फार कडक आहेत. कडक आहेतच. पण या शहरात पाटी हे बोलणं सुरू करायचं पहिलं वाक्य असतं, आणि लोक तिलाच शेवटचं वाक्य समजून परत जातात.

मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सूट आहे, ती लिखित सूट, कार्ड काढलं की मिळते, तिचे आभार मानायचे तर मशीनचे मानावे लागतील. विद्यापीठसुद्धा एखाद-दोन मार्कांनी लटकलेल्याला ग्रेस देतं, त्याचाही कुठेतरी कलम-पोटकलमासकट नियम आहे. मी बोलतेय ते याच्याबद्दल नाही. माणूस समोर उभा असतो, त्याच्या हातात नाही म्हणायचा पूर्ण अधिकार असतो, आणि तो कपाळाला आठ्या घालून हो म्हणतो, त्याबद्दल.

उदाहरणार्थ झेरॉक्सवाले काका. एक ते चार दुकान बंद यावर एवढे विनोद झालेत की आता हसूही येत नाही, पण सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी दीड वाजता तुमच्या हातात रायटअपचा गठ्ठा असेल आणि सर तीन वाजता घरी जाणार असतील ना, तर तो विनोद राहत नाही. मी पोचले तर शटर अर्धं खाली. आत ट्यूबलाइट चालू आणि डब्यातल्या फोडणीच्या भाताचा वास. मी नुसतीच उभी राहिले, हाक मारायची हिंमत नव्हती. आतून आवाज आला, "किती पानं?" मी म्हटलं साठेक. मग बराच वेळ काही नाही, फक्त डब्याचं झाकण लावल्याचा आवाज. मग, "वाकून या आत, डोकं सांभाळा, आणि शटर वर करू नका, नाहीतर अख्खं कॉलेज येईल."

आत गेल्यावर काकांनी मशीन चालू केलं, आणि ते तापेपर्यंत माझे मूळ कागद घेऊन चारही कडांनी टेबलावर आपटून सरळ केले, एका पानाचा कोपरा दुमडलेला होता तो नखाने उलगडून दाबला. सतरा नंबरचं पान उलटं लागलं होतं, ते मला दिसलं नव्हतं, त्यांना दिसलं. पहिले गरम कागद बाहेर आले, त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले धरा, पावसाने हात गार पडलेत. स्पायरलचं हँडल दाबताना मात्र सुरू झालं, आजकालच्या मुलांना आधी सुचत कसं नाही, आमच्या वेळी आम्ही हाताने उतरवायचो, वगैरे सगळं यथासांग. मी मान खाली घालून ऐकलं, दीड वाजता शटरखालून आत घेतल्यावर एवढं ऐकून घ्यायलाच पाहिजे. पैसे मात्र पूर्ण घेतले. ते मला आवडलं, का ते नीट सांगता येणार नाही, बहुतेक त्यामुळे ते उपकार झाले नाहीत.

मेसच्या काकू याच्या अगदी उलट, त्यांच्याकडे पाटी नाही, तोंडी कारभार. पोळ्या चार, रविवारी संध्याकाळी बंद, फीस्टला गुलाबजाम दोन, आणि सलग तीन दिवस असल्याशिवाय खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे कमी होणं) धरला जाणार नाही. या खाड्यावरून आमच्या रूममध्ये जेवढी चर्चा होते तेवढी देशाच्या बजेटवर होत नसेल. माझी रूममेट जळगावची, तिला आम्ही जळगावच म्हणतो, तिसरीला लातूर. तर जळगावला पुण्याची आमटी म्हणजे शिक्षाच, गूळ घातलेलं वरण आमच्याकडे आजारी माणसालाही देत नाहीत असं ती पहिल्या आठवड्यात काकूंच्या तोंडावर बोलून बसली. आम्हाला वाटलं झालं, आता दुसरी मेस शोधा. काकू काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी जळगावच्या ताटात कोपऱ्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण अर्धवट ठेचलेला, वर कच्चं तेल. बाकी कुणाच्या ताटात नाही. आम्ही मागितला तर म्हणाल्या, तुम्हाला कशाला, तुम्हाला आमटी आवडते ना? त्या दिवसापासून टर्मभर तो ठेचा चालू आहे. जळगावचं अजूनही म्हणणं आहे की तो पुरेसा तिखट नाही, पण हे ती आता काकूंसमोर म्हणत नाही.

पावसाचं तर विचारूच नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे दरवर्षीचं. मग कॉलेजात पहिल्या लेक्चरला अर्धा वर्ग उशिरा येतो आणि प्रत्येकाचं कारण भिडे पूल. लातूरनेही एकदा हेच सांगितलं, चेहरा एकदम गंभीर, "मॅडम, भिडे पूल बंद आहे." मॅडम म्हणाल्या, "हो का, पण तू राहतेस कुठे?" आता आमची रूम आणि कॉलेज नदीच्या एकाच बाजूला, मध्ये पूल सोडा, धड नालापण नाही. मॅडमना हे माहीत होतं, कारण त्या त्याच गल्लीत राहतात. क्षणभर वर्ग चिडीचूप. मग मॅडमनी मस्टरवर टिक केली आणि म्हणाल्या, बस, पाणी उतरलं असेल आता. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, लातूरची गाडी बरोबर काठावर होती, आणि ती एक टिक तिला पुढे पुरली. हे मॅडमना कळलं असेल का? मला वाटतं कळलं होतं.

तसेच एक सर. हे ढोल-ताशा पथकात वाजवतात हे आम्हाला माहीत नव्हतं, नदीपात्रात संध्याकाळी एवढी पथकं सराव करतात की त्यात कोण ओळखणार. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, त्यामुळे त्यानंतरच्या पहिल्या लेक्चरला आम्ही जेमतेम दहा-बारा जणं, आणि तीही झोपलेली. सर आले, खडू उचलला, आणि दोन ओळी लिहून ठेवून दिला. बोटांना चिकटपट्ट्या, अंगठ्याजवळ सोललेलं, आणि आवाज तर पूर्ण बसलेला. बराच वेळ आम्ही त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे बघत होते. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मस्टर आज स्टाफरूममध्येच राहिलं. जा." एवढंच. आम्ही उठून वेताळ टेकडीवर गेलो, जुन्या खाणीत पाणी भरलं होतं, मोर ओरडत होते, भेळ खाल्ली, पाय चिखलाने भरले, बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण टर्मभर एवढं निवांत मी कधी बसले नव्हते.

पीएमपीएमएलबद्दल, म्हणजे पुण्याच्या सिटी बसबद्दल मी चांगलं काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण एकदा पावसात बस सुटली, मी पळत होते, आणि ड्रायव्हरने पुढच्या वळणावर, जिथे थांबा नाही तिथे, गाडी नुसती हळू केली. थांबवली नाही हं. हळू केली. कंडक्टर दारात उभे राहून "पळता येतंय की" म्हणाले आणि हात दिला. तिकीट काढताना त्यांनी सुट्ट्यांवरून झापलं, ते वेगळं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र घरमालकीण आजींची. आजींचं एक आहे, रागावल्या की त्या अहो-जाहो करतात. एरवी "काय गं, जेवलीस का", आणि उशीर झाला की "अहो, तुम्हाला सांगितलं होतं ना". पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी आमच्या कॉलेजची एकांकिका होती, मी बॅकस्टेजला, म्हणजे खुर्च्या उचलणे आणि ऐन वेळी हरवलेला चष्मा शोधणे. १९६३ सालापासून चालू आहे ही स्पर्धा, भरत नाट्य मंदिर आमच्या रूमपासून चालत पाच-सात मिनिटांवर, पण प्रयोग झाला, आरडाओरडा झाला, "अरे आव्वाज कुणाचा" करून घसे फुटले, सामान टेम्पोत भरलं, आणि घड्याळात बघितलं तर अकराला दहा कमी. गेटसमोर मी आणि लातूर. बेल एकदाच वाजवली, पाटीप्रमाणे.

आजी खाली आल्या, खांद्यावर स्वेटर, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि टॉर्च. टॉर्च आधी आमच्या चेहऱ्यावर, मग लातूरच्या हातातल्या थर्माकोलच्या झाडावर. "अहो, किती वाजले?" आम्ही गप्प. "काय आहे हे?" लातूर म्हणाली झाड आहे आजी, नाटकातलं. आजींनी कुलूप काढता काढता विचारलं, "भरतला होतं?" हो म्हटलं. "बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत जात होतं का?" आम्ही म्हटलं जात होतं. "कुणी वाक्य विसरलं?" एक जण विसरला, पण दुसऱ्याने सांभाळून घेतलं. आजी थांबल्या, गेट अर्धं उघडं, आणि सांभाळून म्हणजे नेमकं काय केलं ते सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा हसल्या. मग म्हणाल्या, "झाड जिन्यात ठेवू नकोस, बोळात ठेव. आणि उद्यापासून साडेनऊ म्हणजे साडेनऊ." ते "नकोस" ऐकलं आणि आम्ही दोघी सुटलो.

आता एंडसेमचं टाइमटेबल लागलंय, टर्म अधिकृतपणे संपायला आली, आणि नो ड्यूजच्या फॉर्मवर सगळ्यांच्या सह्या घेत हिंडणं चालू आहे. लायब्ररीच्या मॅडम हे या सगळ्यातलं एकमेव निर्विकार प्रकरण. पुस्तक उशिरा आलं की दंड, पाऊस असो, ताप असो, भिडे पूल असो. पाच रुपये झाले म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम, शेवटची टर्म आहे, सोडा ना. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. मी दहाची नोट दिली, त्यांच्याकडे सुट्टे नव्हते, ड्रॉवर दोनदा उघडून बघितला, मग सही केली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "तुझी मैत्रीण ना ती लातूरची? तिचेही पाच होतात. तिला सांग, तिचे भरले म्हणून."