थंडीतील कुंड्या आणि वेली

डिसेंबर उजाडला की पहाटे पंचगंगेकाठी धुके उतरते आणि आमच्या गच्चीवरील अलमंडाची पाने पिवळी पडू लागतात. ही वेल मूळची ब्राझीलच्या उष्ण प्रदेशातील. पारा 15 अंशांखाली गेला की तिची वाढ मंदावते आणि कुंडीतील माती जमिनीपेक्षा लवकर गार होत असल्यामुळे मुळांना थंडी अधिकच बाधते.

पाने गळताना पाहून जीव कळवळतो आणि हात आपसूक झारीकडे जातो. तीन वर्षांपूर्वी मी नेमके तेच केले. जानेवारीत कुंडी उलटी करून पाहिली, तेव्हा मुळे काळपट झाली होती, बोटांनी दाबताच त्यांची साल निसटत होती आणि मातीला कुबट वास येत होता. आता मी दोन पेरांपर्यंत बोट मातीत खुपसून पाहते आणि माती कोरडी लागली तरच, तेही ऊन चढल्यावर, पाणी घालते. खत आणि छाटणी फेब्रुवारी अखेरपर्यंत बंद. कुंड्या मात्र दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीलगत हलवते, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्रीही ऊब देते.

बोगनवेलीचे गणित निराळे आहे. तिला लहान दिवस आणि कोरडी माती मानवते, त्यामुळे ती थंडीतच रंगाने भरून येते. आपण ज्यांना तिच्या पाकळ्या समजतो ती खरे तर रंगीत पानेच. त्यांच्या आत डोकावले, तर पांढरट, नळीसारखी इवली फुले दिसतात. या दिवसांत पाणी जास्त झाले, तर नुसती हिरवी पालवी फुटते.