आम्ल मेम्ब्रेनमध्ये टिकते का?

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या उच्च तापमानाच्या फ्युएल सेलसाठी नवी मेम्ब्रेन, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली प्रोटॉन पलीकडे नेणारी पातळ पॉलिमर फिल्म, तयार झाली की पहिली विचारणा हमखास तिच्या वाहकतेची होते. काही वर्षे या कामात घालवल्यानंतर मी आधी वेगळेच विचारतो: तिच्यातले प्रोटॉन वाहून नेणारे आम्ल तिच्यातच किती काळ राहते?

नेहमीच्या सेलमधल्या नॅफिऑनसारख्या पॉलिमरमधून प्रोटॉन पाण्याच्या आधाराने पुढे सरकतात, त्यामुळे तापमान शंभर अंशांच्या आसपास जाऊन पाणी उडाले की वाहकता कोसळते. म्हणून असा सेल सुमारे ८० अंश सेल्सिअसला चालवावा लागतो. पण त्या तापमानाला हायड्रोजनमधला काही दहा पीपीएम (दहा लाखांत काही दहा भाग) कार्बन मोनॉक्साइडही इलेक्ट्रोडवरच्या प्लॅटिनमला घट्ट चिकटतो आणि उत्प्रेरकाचे काम अडवतो. १६० ते १८० अंशांना ही पकड सैल होते व टक्क्याच्या घरातले प्रमाणही सेलला सोसते. मिथेनॉल किंवा नैसर्गिक वायूपासून मिळवलेला, फारसा शुद्ध न केलेला हायड्रोजन थेट वापरता येईल, ही आशा मला आजही मोलाची वाटते.

पाण्याचे काम फॉस्फोरिक आम्लाकडे सोपवण्याची कल्पना पॉलिबेन्झिमिडाझोल, म्हणजे पीबीआय, या पॉलिमरवर अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली. पीबीआयची कोरडी फिल्म मधाच्या रंगाची आणि हाताला कडक लागते; आम्लात बुडवून ठेवली की ती फुगते, मऊ व बुळबुळीत होते. बाहेर काढून गाळणकागदाने टिपायची आणि वजन करायचे. पॉलिमरच्या प्रत्येक एककामागे आम्लाचे सहा रेणू शिरले, तर आम्लाचे वजन पॉलिमरच्या जवळजवळ दुप्पट भरते. कागद थोडा जास्त दाबला गेला तरी आकडा बदलतो, म्हणून आम्लाचे प्रमाण दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले दिसले की मी टिपण्याची पद्धत आधी वाचतो.

या सहांपैकी साधारण दोनच रेणू पॉलिमरमधल्या नायट्रोजनशी बांधलेले असतात. उरलेले मोकळे असतात, आणि वाहकता मुख्यतः त्यांच्यामुळेच मिळते, कारण प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत जातो. हेच मोकळे रेणू बाहेरही पडतात. सेल गरम असताना तयार होणारे पाणी वाफेच्या रूपात निघून जाते. सेल बंद करून थंड होऊ दिला, की ते द्रवरूपात साचते आणि आम्ल विरघळवून सोबत नेते. आम्ल वाढवावे तर फिल्म कमकुवत होते आणि इलेक्ट्रोडच्या दाबाखाली हळूहळू पातळ होत जाते. पॉलिफॉस्फोरिक आम्लातच पॉलिमर बनवून, ओतलेला थर हवेतल्या ओलाव्याने जेलमध्ये बदलण्याची पद्धत भरपूर आम्ल धरून ठेवते, पण मोकळ्या आम्लाचा प्रश्न तिथेही उरतोच.

त्यामुळे अमेरिकेतील लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये पुढे आलेला मार्ग मला अधिक आश्वासक वाटतो. त्यात पॉलिमरवर चतुर्थक अमोनियम गट, म्हणजे कायम धन भार असलेले नायट्रोजनचे गट, जोडतात आणि आम्लातल्या ऋण भाराच्या फॉस्फेटशी त्यांची आयन-जोडी जमवतात. ही पकड पीबीआयमधल्या बंधापेक्षा बरीच बळकट असल्याने सेल ८० ते १६० अंशांपर्यंत चालवता येतो.

माझ्या टेबलावर आता वाहकतेच्या आलेखाशेजारी दुसरा एक तक्ता असतो: सेल चालू-बंद करण्याच्या प्रत्येक फेरीनंतर कॅथोडकडून, म्हणजे पाणी तयार होते त्या इलेक्ट्रोडकडून, गोळा केलेले पाणी, आणि त्यात सापडलेले फॉस्फेट.