बोनेटवर विंचू, डिकीत भाजी

सोमवार, रात्री

आज आरसीवर माझं नाव चढलं. फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची, एमएच-१४ पासिंग. गोडोलीत गाडी लावून उतरत नाही तोवर समोरचे काका हजर. पहिला प्रश्न अर्थातच, "ॲव्हरेज किती देते?" कागदावर लिटरला १६.३ आहे, असं सांगितलं. गावात दोन आकडी गाठला तरी कंदी पेढे वाटावे लागतील, हे नाही सांगितलं. दुसरा प्रश्न, "पण फियाट बंद झाली ना?" झाली. प्रदूषणाचे बीएस-६ नियम यायच्या आधीच भारतातली विक्री थांबली. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण चेहऱ्यावर होता: बँकेत काम करणारी बाई असा व्यवहार कसा करते?

त्याच पैशांत निम्म्या वयाची स्विफ्ट आली असती, हे मला मान्यच आहे. पण गंमत अशी की साताऱ्यात ज्या जुन्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायर पळतात, त्यांच्या बोनेटखाली फियाटचंच १.३ मल्टिजेट आहे. म्हणजे इंजिन फियाटचं चालतं, नाव तेवढं चालत नाही.

सासूबाईंचा गोंधळ वेगळाच. त्यांच्या लेखी फियाट म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. "टॅक्सी घेतलीस का गं?" मग पूजेच्या वेळी बोनेटवरचा विंचू दिसला. "गणपती नाही, स्वस्तिक नाही, विंचू कुणी लावला?" मी सांगितलं, कार्लो अबार्थ नावाचा माणूस, १५ नोव्हेंबर १९०८चा जन्म, व्हिएन्नाचा. १९४९ला त्याने इटलीत कंपनी काढली आणि स्वतःची रास, वृश्चिक, तिचं चिन्ह केली. १९७१मध्ये ती कंपनी फियाटने घेतली. "रास होय," म्हणाल्या आणि हळदीकुंकवाचं बोट थेट विंचवाच्या नांगीवर टेकवलं. आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात, त्यांच्याकडे सूर्यावरून, हा मुद्दा मी तिथे काढला नाही. नारळ फुटायचा होता.

इटालियन म्हणायची, पण जन्म रांजणगावचा. महागणपतीच्या गावात तयार झालेली गाडी आहे, एवढं मात्र आवर्जून सांगितलं. त्यावर त्या एकदम खूश.

बुधवार

सगळ्यांचा एकच सल्ला: ही रविवारी काढ, रोजच्याला दुसरी काहीतरी ठेव. मला हे पटत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, वायरी उंदीर कुरतडतात, आणि हप्ता आणि विमा मात्र चालूच राहतो. शिवाय टर्बोचं इंजिन नुसतं गल्लीतून भाजी आणायला वापरणं वाईट. तेल नीट तापायच्या आत बंद होतं. माझा रोजचा रस्ता सातारा-कोरेगाव. तेवढ्या अंतरात ते छान तापतं.

आणि रविवारचं म्हणाल तर रविवारी जायचं कुठे? यवतेश्वर घाटात, फुलांच्या दिवसांत, पुण्याच्या गाड्यांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकायचं? त्यासाठी १४५ बीएचपीची ताकद कशाला हवी, बैलगाडी पुरते.

खरी मजा आज सकाळी आली. गळीत हंगाम चालू आहे. संगम माहुलीचा पूल ओलांडला की पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींत ऊस इतका की ट्रॅक्टर दिसतच नाही, नुसतं वाढं हलताना दिसतं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर डेक जोरात. आधीच्या गाडीत मी अशा ट्रॉलीमागे गावं मोजत जायचे, कारण दोन ट्रॉल्यांची लांबी पार करेपर्यंत समोरून एसटी येणारच. आज समोर मोकळं दिसलं, तिसरा टाकला. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजाराच्या खाली असले की ही गाडी झोपलेली असते, अगदी आळशी. काटा दोन हजाराच्या वर गेला आणि पाठ सीटला चिकटली. पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली, ट्रॅक्टर, डेकवरच्या गाण्याची अर्धी ओळ, की लगेच आपल्या बाजूला. वेग फार झाला नव्हता. उलट्या बाजूला घालवायचा वेळ कमी झाला. जोरदार पिकअप म्हणजे उडाणटप्पूपणा असं समजणाऱ्यांनी एकदा हंगामात या रस्त्याला यावं. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हेही मी पिकअपच्याच खात्यात धरते.

शनिवार

नव्याची नवलाई बाजूला ठेवून बघितलं तर त्रासही आहे. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, म्हणजे साध्या पुंटोपेक्षा बरीच बसकी. गावोगावचे स्पीडब्रेकर कुणी कशाच्या मापाने घालतं देव जाणे; काही तिरकी घेऊनच पार करावे लागतात, नाहीतर इंजिनाखालचं चेंबर घासतं. डावा पाय टेकवायला जागाच नाही, क्लचवरून उचलून ठेवायचा कुठे हा रोजचा प्रश्न. मागे तिघे बसले की मधला रुसतो. स्टेअरिंग हायड्रॉलिक, पार्किंगला जड लागतं, पण रस्त्यात खडा जरी आला तरी हाताला कळतो, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

मिस्त्रीकडे जाऊन आले. पूर्वी टाटा आणि फियाट एकाच शोरूममध्ये विकल्या जायच्या, त्या काळात हात काळे केलेला माणूस आहे. त्याने आधी बोनेट उघडलंच नाही. गाडी चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर हात धरला, वास घेतला, मग म्हणाला, "ताई, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" जुन्या मालकाच्या बिलांत त्याचा पत्ता नव्हता. बेल्ट किलोमीटरनेच नाही, वयानेही संपतो, रबर आहे ते. तुटला तर इंजिनच उघडावं लागेल. मग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच घ्यायचं ठरलं. हेच १.४ टी-जेट इंजिन फियाटच्या लिनियातही होतं, त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत फोन करून माल मिळतो. मिळेपर्यंत एखादा आठवडा स्कूटीने जायची तयारी ठेवायची. ज्याला ही तयारी नाही त्याने ही गाडी घेऊ नये, असं मी शेजारच्या काकांनाही सांगेन. ते घेणार नाहीतच.

निघताना म्हणाला, घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बो तापलेला असतो.

इथेनॉलचं विचारलं. पंपावर आता वीस टक्केवालंच पेट्रोल, आणि २०१६ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. तो म्हणाला, पाइप आणि सील बघत राहू, उगाच घाबरू नका. मी तरी काय बोलणार? शाखेतली निम्मी कर्जं उसावर आहेत. ज्यांच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करते त्यांचंच इथेनॉल माझ्या टाकीत.

बेल्टचे पैसे बाजूला काढले. पुढचे टायरही गुळगुळीत होत आलेत, पण ते मार्चएंडनंतर. पावसाळ्याआधी मात्र नक्की.